जेएलपीटी एन-फोरसाठी अंकी ॲप आणि मराठी कार्डं: सात-आठ महिने वापरल्यावर

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा, एन-फोर ही तिची खालून दुसरी पातळी, आणि अंकी हे कार्डांवरून पाठांतर करायचं ॲप. आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना शेवटपर्यंत वाचत बसायला नको. शब्द आणि कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, डोक्यात बसवायला अंकी उत्तम आहे, जरूर वापरा. त्यात तयार मिळणारे कार्डांचे इंग्रजी संच मात्र उतरवून घेऊ नका. मराठी माणसाने कार्डं मराठीतच करावीत. ऐकण्याच्या भागाला अंकीचा उपयोग जवळपास नाही, तिथे वेगळं राबावं लागतं. हे तिन्ही मुद्दे माझ्या गुणपत्रिकेत लख्ख दिसतात. मी पास झाले, पण वाचन-व्याकरणाच्या जिवावर. ऐकण्यात जेमतेम काठावर.

मी जुळे सोलापुरात राहते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल युनिटच्या ऑफिसात बिलं आणि चलनं बघते. माझ्या वेळेत बसणारा वर्ग इथे मिळाला नाही, म्हणून शनिवार-रविवार एक ऑनलाइन वर्ग केला. तो इंग्रजीतून होता. बाकी सगळा अभ्यास फोनवर, ऑफिसला जाता-येता आणि रात्री जेवणं झाल्यावर.

परीक्षेबद्दल थोडं, नवीन लोकांसाठी. जेएलपीटी १९८४ पासून होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. २०१० मध्ये चारच्या पाच पातळ्या झाल्या. एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. एन-फाइव्ह न देता थेट एन-फोरला बसता येतं. बोलायचं काही नाही, निबंध नाही, सगळे प्रश्न पर्याय निवडायचे, आणि चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडू नका. एन-फोरला १८० पैकी ९० लागतात, पण तेवढ्यावर भागत नाही. शब्द-व्याकरण-वाचन मिळून १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ हवेतच. एकीकडे कमी पडलात तर एकूण बेरीज कितीही होवो, नापास. वेळ शब्दांना २५ मिनिटं, व्याकरण-वाचनाला ५५, ऐकण्याला ३५. अधिकृत शब्दयादी २०१० पासून कुणी काढत नाही. दीड हजार शब्द नि तीनशे कांजी असं जे सगळीकडे सांगतात तो जुन्या पेपरांवरून बांधलेला अंदाज आहे.

आता अंकी. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर बघून आपणच सांगायचं, आठवलं की नाही, सोपं गेलं की अवघड. त्यावरून ते कार्ड परत कधी दाखवायचं हे ॲप ठरवतं, दहा मिनिटांनी की दोन महिन्यांनी. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. नेट नसलं तरी चालतं. दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे, त्याची सवय होते. एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. रोज नवीन २० कार्डं असं त्यात आधीच ठरवलेलं असतं, आणि त्या हिशेबाने महिन्या-दोन महिन्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. मार्च एंडला ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा मी नवीन कार्डं बंदच ठेवली होती, फक्त उजळणी. दोन दिवस सुट्टी घेतली तरी चालतं. आठवडाभर घेतली की समोर जो ढीग येतो तो बघून लोक ॲप काढून टाकतात.

तयार इंग्रजी संचाचा त्रास शब्दांना फारसा नाही, व्याकरणाला आहे. वर्गात 'ते मिरु' हा प्रकार आला तेव्हा त्याचा अर्थ सांगितला 'ट्राय करणे'. 'ते ओकु' म्हणजे 'इन ॲडव्हान्स करणे'. 'ते शिमाउ' म्हणजे 'एंड अप' असं काहीतरी. तीन वेगळे नियम, तिघांची वेगळी टिपणं. घरी येऊन वही उघडली तर मिरु म्हणजे बघणे, ओकु म्हणजे ठेवणे. ताबेते मिरु, खाऊन बघते. कात्ते ओकु, विकत घेऊन ठेवते. यात शिकायचं काय आहे? आपण हेच दिवसभर बोलतो. शिमाउचं तर इंग्रजीतून कधीच जमलं नसतं, कारण त्याला दोन रंग आहेत. काम संपवलं याचा एक, आणि नको ते झालं याचा दुसरा. मराठीत पहिल्याला 'टाकणे' आणि दुसऱ्याला 'बसणे': पुस्तक वाचून टाकलं, पाकीट विसरून बसले. त्या रात्री मी व्याकरणाची सगळी इंग्रजी कार्डं पुसली आणि मराठीत नवीन करायला घेतली.

हे काम वेळखाऊ आहे, पण खरा अभ्यास त्यातच झाला. 'ओशिएते मोराउ' म्हणजे शिकवून घेणे. 'काल घेतलेलं पुस्तक' जपानीत त्याच क्रमाने येतं, किनोओ कात्ता होन. जपानीत 'जे', 'ज्याला' असले शब्दच नाहीत, सगळं वर्णन नामाच्या आधी. वाचनाच्या उताऱ्यात दीड ओळीचं वर्णन आणि मग शेवटी 'माणूस' असं आलं की इंग्रजीतून शिकलेली मुलं मागे-पुढे नजर फिरवतात. आपल्याला सरळ वाचत जायचं. 'मला जपानी समजतं' यात जपानी हा कर्ता आणि मी 'ला'मध्ये. जपानीतही 'वाकारु'बरोबर (म्हणजे समजणे) निहोन्गोला, म्हणजे जपानी भाषेला, 'गा' हा प्रत्यय लागतो, 'ओ' नाही. पेपरात या 'गा'वर हमखास एखादा प्रश्न असतो.

शेजारची मुलगी नर्स आहे. तिला विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर केअरगिव्हर म्हणून जपानला जायचंय. त्या व्हिसाच्या भाषेच्या अटीला एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी जपानी परीक्षा यातलं एक चालतं, शिवाय केअरगिव्हिंगच्या वेगळ्या परीक्षा असतात. तिच्या घरी तेलुगू. मी 'करून बघणे'चं कार्ड दाखवलं तर म्हणाली, "ताई, आमच्यात पण असंच म्हणतात की, चेसि चूडु." खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं तर कन्नडात 'माडि नोडु'. म्हणजे सोलापुरात कुठल्याही गल्लीत जा, जपानी व्याकरणाचं अर्धं काम लोकांच्या तोंडात तयार आहे. मग वर्ग इंग्रजीतून का असतात हे मला अजून कळलेलं नाही.

मात्र मराठी फसवतेही, आणि कार्डं करणाऱ्याने ते आधीच धरून चालावं. सगळ्यात मोठा खड्डा 'त'चा. 'सोलापुरात राहते' आणि 'सोलापुरात काम करते', आपल्याला दोन्हीकडे 'त'. जपानीत राहण्याला 'नि', काम करण्याला 'दे'. त्यातही 'हाताराकु', म्हणजे काम करणे, म्हटलं तर 'दे' आणि 'त्सुतोमेरु', म्हणजे नोकरीला असणे, म्हटलं तर 'नि'. मी स्वतःपुरता नियम केला. मराठीत 'ला' आला की बहुतेक 'नि' (मैत्रिणीला भेटते, तोमोदाची नि आउ), साधनाचा 'ने' आला की 'दे' (गाडीने जाते), आणि 'त' आला की थांबायचं, क्रिया आहे की नुसतं असणं ते बघायचं. 'रस्त्याने चालते' याला 'दे' लावू नका, तिथे 'ओ' येतो. देण्याचंही तसंच. मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', मला कुणी दिलं तर 'कुरेरु'. आपल्याकडे दोन्हीला देणेच. एकच कार्ड आठ वेळा विसरलात की अंकी त्याच्यावर 'लीच' असा शिक्का मारतं. माझ्या लीचच्या यादीत निम्मी कार्डं या 'नि' आणि 'दे'चीच होती.

उच्चारांचं सांगायचं तर पहिले काही आठवडे मी कार्डांवर रोमन अक्षरं न वापरता देवनागरी लिहिली, आणि कोणालाही तेच सांगेन. 'त्सु'चा आवाज आपल्या 'चूक'मधल्या चच्या जवळ, 'चि'चा 'चिकू'मधल्या. दोन्ही च आपल्याकडे आधीच आहेत. मध्ये अडखळून येणारं जोडव्यंजन आपल्याला 'पत्ता' म्हणताना येतंच. काना या जपानीच्या उच्चारी लिपीचा तक्ता तर बघताक्षणी ओळखीचा वाटतो: अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. संस्कृतच्या सिद्धम् लिपीचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंकडून ही मांडणी तिकडे रुजली. पण काना आली की देवनागरी सोडा, पेपरात ती नाही.

कांजीसाठी मी ठरलेल्या इंग्रजी गोष्टी पाठ केल्या नाहीत. एक उदाहरण देते. देऊळ असा अर्थ असलेला एक भाग बऱ्याच कांजींत उजवीकडे येतो आणि डावीकडचा तुकडा तेवढा बदलतो, त्यामुळे परीक्षेत या नेमक्या एकमेकांशेजारी पर्यायांत टाकतात. डावीकडे सूर्य असला की वेळ. हात असला की धरणे. पाऊल असलं की वाट पाहणे. बैल असला की विशेष. माझ्या कार्डांवर लिहिलंय: कळसावरचं ऊन बघून वेळ कळते. देवळाच्या दारात हातात नारळ धरून उभी आहे. पंढरपूरच्या दर्शनबारीत एकेक पाऊल टाकत वाट पाहते. देवळापुढे नंदी बसलाय म्हणजे हे देऊळ विशेष. या चार आता मेल्यावरही विसरणार नाही. अशी गोष्ट प्रत्येक कांजीला सुचत नाही. जिथे सुचली नाही तिथे नुसती घोकंपट्टी, आणि त्या कांजी अजून कच्च्याच आहेत.

आता ऐकणं. कार्डाला आवाज जोडता येतो, मी जोडलेही. पण एक सुटा शब्द शांत खोलीत ओळखणं आणि दोन माणसांचं बोलणं एकदाच ऐकून उत्तर देणं यात फार अंतर आहे. ध्वनिफीत एकदाच वाजते. सगळ्यात वाईट प्रकार झटपट प्रतिसादाचा. कागदावर काहीच छापलेलं नसतं. एक वाक्य, मग तीन उत्तरं, सगळं कानाने, आणि विचार करेपर्यंत पुढचा प्रश्न सुरू. आपली आणखी एक अडचण म्हणजे बोलताना ऱ्हस्व-दीर्घ आपण पाळत नाही, जपानीत त्यावर अर्थ फिरतो. ओबासान म्हणजे मावशी किंवा काकू, ओबाआसान म्हणजे आजी. आणि नुसतं ऱ्हस्व-दीर्घच नाही, बियोओइन म्हणजे ब्युटी पार्लर आणि ब्योओइन म्हणजे दवाखाना. नर्सबाई सरावात एका पेशंटला पार्लरमध्ये पोचवून आल्या.

अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न आणि सरावपुस्तिका आवाजासकट फुकट मिळतात. तिथूनच सुरुवात करा. मी शेवटचे दोन महिने रोज ऐकलं, तेही हेडफोन न लावता, पंखा पाचवर ठेवून. हे मुद्दाम सांगते, कारण परीक्षेच्या वर्गात स्पीकर पुढे असतो, आपण मागच्या बाकावर, आणि डोक्यावर पंखा घरघरत असतो. घरच्या हेडफोनमधली स्वच्छ जपानी तिथे ऐकू येत नाही.

केंद्र सोलापुरात नाही, पुणे गाठावं लागतं. गेल्या वर्षी पेपर ६ जुलै २०२५ ला होता आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. घरच्यांना आधी हे पटेनाच. अख्खा जिल्हा पंढरपूरच्या वाटेला लागलेला आणि मी उलट्या दिशेने पुण्याला. तुमचं ठरलं की तिकीट लगेच काढा, आणि आदल्या दिवशीच जा. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून त्याच दिवशी पेपरला पोचायचा हिशेब करू नका. प्रवेशपत्राची छापील प्रत, ओळखपत्र, दोन पेन्सिली, खोडरबर आणि काट्यांचं साधं घड्याळ बरोबर ठेवा. फोन बंद म्हणजे पूर्ण बंद. वाजला तर थेट बाहेर. ऐकण्याच्या भागाला उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, म्हणून मधल्या सुट्टीत चहाला लांब जाऊ नका. माझ्या डब्यात त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होती, तेही बरंच झालं.

निकाल ऑगस्टच्या शेवटी ऑनलाइन लागला. नर्सबाईंना ऐकण्यात माझ्यापेक्षा खूप जास्त गुण पडले. तिने कार्डं माझ्या निम्मीच केली होती, पण नाइट ड्युटीला जाता-येता सारखं काहीतरी ऐकत असायची.

म्हणून आता एन-थ्रीला वेळेची वाटणी बदलली आहे. तिथे १८० पैकी ९५ लागतात, आणि शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं हे तीन वेगळे भाग, प्रत्येकात ६० पैकी किमान १९. एन-फोरला व्याकरणाने वाचनाला सांभाळून घेतलं, तशी सोय इथे नाही. सकाळचा पहिला अर्धा तास ऐकण्याला, अंकी त्यानंतर, आणि नवीन कार्डं रोज पाचच.