मर रोगाच्या जमिनीत कलमी वांगी : एका हंगामाचा अनुभव

कुडाळजवळच्या आमच्या मळ्यात गेली काही वर्षे वांग्याचे झाड फुलावर येते आणि दोन-तीन दिवसांत हिरवेगार असतानाच मान टाकते. हाच मर रोग. त्यामुळे या वेळी जिल्ह्याबाहेरील एका रोपवाटिकेतून रानवांग्याच्या खुंटावर, म्हणजे मुळांसह खालच्या भागावर, नेहमीच्या वांग्याची कलमकाडी बांधलेली शंभर कलमी रोपे मागवली आणि शेजारच्या दोन ओळींत त्याच वाणाची साधी रोपे मुद्दाम लावली.

रोपे चांगली होती. मुळांनी कोकोपीटची गुठळी घट्ट धरलेली होती आणि खुंट व कलमकाडी यांचे सांधे बहुतेक ठिकाणी नीट जुळलेले होते. प्रवासात मोडलेल्या मोजक्या रोपांच्या बदल्यात रोपवाटिकेने तक्रार न करता दुसरी पाठवली. किंमत साध्या रोपांच्या कितीतरी पट आहे, हे मात्र आधीच सांगायला हवे.

माझा आक्षेप सोबतच्या माहितीपत्रकाला आहे. ‘या खुंटात मर रोगाचे जीवाणू शिरूच शकत नाहीत’ हे त्यातील विधान चुकीचे आहे, आणि त्याच्यावर विसंबल्यास नुकसान होते. रालस्टोनिया हा जीवाणू मुळांवरील जखमांतून किंवा उपमूळ फुटताना पडणाऱ्या फटीतून आत येतो आणि जलवाहिन्या गाठतो. जलवाहिनी म्हणजे मृत पेशींची पोकळ नळी. तिच्यात अन्न तुटपुंजे आणि पाणी सतत वाहते असते, म्हणून तेथे टिकायचे तर जीवाणूला भिंत धरून राहावे लागते. अतिसूक्ष्म तंतूंच्या साहाय्याने तो भिंतीला चिकटतो, त्याची संख्या वाढते, स्वतःच सोडलेल्या रासायनिक संकेताच्या प्रमाणावरून आसपासची गर्दी त्याला कळते, आणि ती पुरेशी झाली की हे जीवाणू बहुशर्करायुक्त चिकट द्रव मोठ्या प्रमाणावर सोडू लागतात. या द्रवात गुरफटलेल्या वस्तीलाच बायोफिल्म म्हणतात. ती वाढत जाऊन नळ्या बुजतात. आजारी खोडाच्या एका ग्रॅममध्ये एक अब्जाहून अधिक जीवाणू असू शकतात. जमीन ओली असूनही झाड तहानेने मरते ते यामुळे, आणि पानांवर मारलेले ताम्रयुक्त औषध तेथवर पोहोचत नाही तेही यामुळेच.

प्रतिकारक्षम झाडातही जीवाणू शिरतात. फरक एवढाच की ते झाड वेळीच नळ्यांच्या भिंती जाड व कठीण करते, काही नळ्या स्वतःच बंद करते, आणि वस्ती थोड्याच नळ्यांत कोंडली जाते. म्हणजे संरक्षण खुंटापुरते असते. वरच्या कलमकाडीच्या अंगी ते येत नाही.

हे मला दोन झाडे गमावून पटले. भर लावताना, म्हणजे बुंध्याशी माती चढवताना, त्यांचा सांधा मातीखाली गेला, कलमकाडीला स्वतःची मुळे फुटली आणि महिन्याभरात दोन्ही झाडे वाळली. त्यांची खोडे कापून तुकडे काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात लोंबते धरले, तेव्हा काही मिनिटांतच कापातून दुधट धागे खाली उतरू लागले. मर कशाने आली हे ओळखण्याची ही सोपी, खात्रीची चाचणी प्रत्येकाने करून पाहावी, कारण बुरशीजन्य मर असेल तर असे धागे दिसत नाहीत.

साध्या रोपांपैकी निम्म्याहून अधिक झाडे तोडणीपूर्वीच गेली. कलमी ओळी मात्र हंगामाच्या शेवटपर्यंत फळ देत राहिल्या आणि फळाच्या चवीत घरच्यांना काही फरक जाणवला नाही. खुंटावर येणारे काटेरी फुटवे दर आठवड्याला काढावे लागतात, अन्यथा तेच वर चढतात; या कामाचा माहितीपत्रकात उल्लेखही नाही.

ज्यांच्या जमिनीत मर नाही त्यांनी हा खर्च करू नये. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ही रोपे जरूर घ्यावीत, सांधा मातीच्या वर किमान चार बोटे राहील अशी लावावीत आणि भर लावणाऱ्या माणसाला तो सांधा आधी दाखवून ठेवावा. पुढील हंगामासाठी मी दीडशे रोपांची मागणी नोंदवली आहे आणि माहितीपत्रकातील ते वाक्य दुरुस्त करावे, असे पत्र रोपवाटिकेला पाठवले आहे.