हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज: थेट इंटरफेसवरून की सॉफ्टवेअरमधून?

घरी गाणं रेकॉर्ड करताना मी तरी डोळे झाकून इंटरफेसचं, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचं, डायरेक्ट मॉनिटरिंग निवडेन. माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता कानात येतो, उशीर जवळजवळ शून्य. सॉफ्टवेअरमधून ऐकायचं तर बफर (आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे सॅम्पल, साठवून मग पुढे पाठवणारा टप्पा) आडवा येतो: ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे ५.३ मिलिसेकंद, तेही एकाच बाजूचे; जाऊन-येऊन दुपटीच्या वर. द्रुत तान घेताना हे खटकतं. बफर ६४ वर आणावा, तर जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही आणि आवाजात चटचट यायला लागते.

सॉफ्टवेअरची जमेची बाजू एकच, पण मोठी: रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा. कोरडा आवाज ऐकत गाताना अनेक जण उगाच जोर लावतात. काही इंटरफेसमध्ये रिव्हर्ब आतच असतो. तसा असेल तर प्रश्नच मिटला. डायरेक्ट वापरताना सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचं मॉनिटरिंग तेवढं बंद करा, नाहीतर प्रत्येक अक्षर दोनदा ऐकू येईल.