फाइल जोडायचं बटण: ब्राउझरचं, स्वतः लिहिलेलं की लायब्ररीचं?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं पोर्टल करत होतो. पहिल्या डेमोला मालक म्हणाले, "बाकी सगळं जगात भारी, पण ते ‘चूज फाइल’ तेवढं मराठी करा की." नेमकं तेवढंच होत नाही. त्या बटणावरची अक्षरं ब्राउझरची. समोरच्याचा ब्राउझर ज्या भाषेत, त्या भाषेत ती उमटतात. फॉर्ममधून फाइल पाठवायची रीत १९९५ साली आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली गेली, आणि तेव्हापासून या बटणाचा स्वभाव फारसा बदललेला नाही. मग वाटा उरतात तीन: तेच बटण सजवा, सगळं स्वतः लिहा, नाहीतर तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, आणा.

दिसायला कोणतं छान, यावर ठरवू नका. फाइल कोण देणार, कशावरून देणार, केवढी देणार, ते आधी बघा. आमच्याकडे दोन टोकं होती. गिऱ्हाईक कंपनीतला इंजिनियर डेस्कटॉपवरून ४० एमबीची स्टेप फाइल (भागाचं थ्रीडी मॉडेल) टाकणार, आणि शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर हातमोजा काढून फोनवरून कास्टिंगमधल्या ब्लोहोलचा, म्हणजे हवेमुळे राहिलेल्या पोकळीचा, फोटो टाकणार.

सुपरवायझरसाठी सजवलेलं साधं बटणच बरं, हे माझं ठाम मत. खरा इनपुट, म्हणजे ब्राउझरचं मूळ बटण, नजरेआड करायचा आणि त्याला जोडलेल्या लेबलला बटणाचं रूप द्यायचं. लेबलवर हवी ती मराठी लिहा. झाकताना मात्र ‘डिस्प्ले नन’ (पानावरून पूर्ण गायब करणारा नियम) लावू नका. टॅब दाबत येणाऱ्याला मग ते बटण सापडतच नाही. पारदर्शक करून ठेवा आणि फोकस आला की लेबलभोवती कड दिसू द्या. नुसता रंग-आकार बदलायचा असेल तर एवढंही नको: ‘फाइल सिलेक्टर बटन’ हा सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा, सिलेक्टर २०२१ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतो.

फोनवर एक खोच आहे. इनपुटच्या ‘ॲक्सेप्ट’ या सेटिंगमध्ये फक्त चित्रं मागितली की बरेच फोन कॅमेरा की गॅलरी असं विचारतात, पण काही नव्या अँड्रॉइडवर नुसती गॅलरी उघडते. ‘कॅप्चर’ हे सेटिंग लावलं तर थेट कॅमेरा येतो आणि सकाळी काढून ठेवलेला फोटो देण्याची वाट बंद होते. आम्ही सरळ दोन बटणं ठेवली, ‘फोटो काढा’ आणि ‘गॅलरीतून घ्या’. तेलकट अंगठ्याला पुरतील एवढी मोठी.

सगळं स्वतः लिहायचा मोह मलाही झाला होता. ओढून-सोडायची चौकट दिसते सोपी, पण ‘ड्रॅगओव्हर’ला (फाइल चौकटीवर ओढून आणली की येणारा इशारा) ब्राउझरची मूळ कृती थांबवली नाही तर तो सोडलेली पीडीएफ टॅबमध्ये उघडून बसतो आणि भरलेला फॉर्म गेला. किती टक्के झालं ते दाखवायला सर्व्हरकडे माहिती पाठवायचा नवा मार्ग ‘फेच’ कामाचा नाही, जुन्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टकडेच यावं लागतं. काढून टाकलेली फाइल कुणी पुन्हा निवडली तर ‘चेंज’ हा बदलाचा इशारा येतच नाही, कारण इनपुटने धरून ठेवलेली व्हॅल्यू बदललेली नसते. ती आपण रिकामी करायची. माझी सगळ्यात मोठी चूक वेगळीच. फाइलचा प्रकार ब्राउझरला विचारून अडवणारी तपासणी मी लिहिली. स्टेप फाइल बघून ब्राउझरने प्रकाराच्या जागी रिकामी स्ट्रिंग दिली आणि माझ्या देखण्या विजेटने (स्वतः लिहिलेल्या त्या चौकटीने) आलेलं प्रत्येक मॉडेल माघारी धाडलं. तिथे एक्स्टेन्शन बघायचं आणि खरी तपासणी सर्व्हरवर करायची. ‘ॲक्सेप्ट’ ही निव्वळ सूचना आहे, कुलूप नव्हे.

तयार लायब्ररींत ड्रॉपझोन आणि फाइलपाँड या दोन हलक्या कामाला पुरतात. लहान फोटो, प्रीव्ह्यू, संपला विषय. फाइल मोठी असेल तर उप्पी ही लायब्ररी बघा. त्यात तुटलेलं अपलोड पुढे चालू करणाऱ्या टस या प्रोटोकॉलची सोय आहे, म्हणजे ३० एमबी गेल्यावर नेट तुटलं तर उरलेल्या १० पासून पुढे सुरू होतं. बदल्यात सर्व्हरलाही टस समजायला हवा आणि पानाचं वजन वाढतं. बटणांवरचे शब्द तिघांतही बदलता येतात. साध्या नोकरी-अर्जाला पीडीएफ जोडायला कुणी उप्पी आणत असेल तर त्याला हात जोडून थांबवा.

क्लाउडवाल्यांची तयार विजेट्सही मिळतात. एका दुपारीत बसतात. पण गिऱ्हाइकाचं गोपनीय ड्रॉइंग तिसऱ्याच्या सर्व्हरवर जाणार म्हटल्यावर मालकांनी विषय तिथेच मिटवला.

वाट कुठलीही धरा, सर्व्हरची मर्यादा आधी वाढवा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीच्या पुढचं घेत नाही, ४१३ ची (‘फार मोठं आहे’ अशी) एरर फेकतो; सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेत मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८. विजेटला शिव्या घालत काढलेला अर्धा दिवस बहुतेक वेळा इथेच गेलेला असतो. आणि फाइलचं मूळ नाव डिस्कवर वापरू नका. ‘नवीन फायनल २ खरंच फायनल’ अशी नावं डेटाबेसात ठेवा, डिस्कवर आपण तयार केलेलं नाव.

शेवटी इंजिनियरच्या पानावर उप्पी आणि टस, सुपरवायझरच्या पानावर साधा इनपुट असं दुहेरी ठेवलं. देखभाल दोन ठिकाणी करावी लागते, ते मान्य. मालकांनी डेस्कटॉपचं लेबल मात्र अजून दोनदा बदलून घेतलं: आधी ‘ड्रॉइंग अपलोड करा’, मग ‘ड्रॉइंग जोडा’, आता ‘ड्रॉइंग टाका’.