वाळ्याचं अत्तर: रोज लावायला कसं आहे?

पहिल्या वासाला हे आवडेलच असं नाही. लावल्या लावल्या मातकट, कच्च्या मुळीचा उग्र वास येतो. नवरा नागपूरचा, तिकडे उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात. त्याने हात हुंगला आणि म्हणाला, "कूलरची ताटी भिजवलीय का?"

मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपास अत्तराची दुकानं आहेत, त्यातल्याच एका छोट्या दुकानातून घेतलं. मला रोज ऑफिसला लावता येईल असा, आपला म्हणावा असा एकच वास हवा होता. चाचांनी एका मनगटावर मोगरा लावला, दुसऱ्यावर वाळा, आणि म्हणाले, "घूम के आओ, फिर बोलो." ग्राहकाला काही न विकता बाहेर पाठवणारा दुकानदार मला फार आवडतो. क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत गेले. उन्हात मोगरा डोक्यात जायला लागला, वाळ्याचा उग्रपणा मात्र ओसरला होता. मागे राहिला तो गार, लाकडी, किंचित धुरकट वास. तोच घेतला.

घेताना 'अत्तर' की 'रूह' हे विचारून घ्या, भावात बराच फरक पडतो. उत्तर प्रदेशात कनौजला वाळ्याची मुळं पाण्यासोबत तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, उकळतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरवतात. अत्तर करताना भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. रूह म्हणजे नुसतं मुळांचं तेल, तांब्यामुळे हिरवट झालेलं. चंदन महाग झाल्यापासून स्वस्त अत्तरात पॅराफिनसारखं तेलही वापरतात, तेव्हा बेस कशाचा आहे तेही स्पष्ट विचारा. सरबतासारखं पोपटी, पातळ आणि गोड वासाचं काही 'खस' (वाळ्याचं हिंदी नाव) म्हणून पुढे केलं तर सरळ नको म्हणा.

मॉलमध्ये गेर्लां या फ्रेंच कंपनीचं 'व्हेटिव्हर'ही (म्हणजे वाळाच) लावून पाहिलं. १९५९ पासूनचं नावाजलेलं परफ्यूम आहे, छानच आहे, पण त्यात लिंबू-तंबाखू आधी भेटतात आणि वाळा मागच्या बाकावर बसतो. मला तो पुढे हवा होता.

आता रोजचा अनुभव. सकाळी कानामागे एक बोट लावते. कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात गजरे, पावडरी, बॉडी स्प्रे यांच्या गर्दीत हे कुणाला कळतही नाही. घाम आला की उलट खुलतं, आणि मुंबईत मला नेमकं हेच हवं होतं. एसी ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुठल्याही स्प्रेने शिंकते, पण याने कधी शिंकली नाही. ओढणीला संध्याकाळपर्यंत वास राहतो.

तोटेही आहेत. "कुठलं लावलंयस गं?" असं कुणी विचारावं अशी हौस असेल तर हे घेऊ नका, वास अंगाजवळच राहतो. पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडतो. डिसेंबरात अगदीच फिकं वाटतं, तेव्हा मी हिनाचं अत्तर काढते. लग्नाला, हळदीकुंकवाला आणि दिवाळीच्या पहाटेलाही हिनाच, तिथे वाळा फार गंभीर वाटतो.

पहिल्यांदा घेणार असाल तर तीन मिलीची बाटली पुरे, काचेचीच मागा. तोळाभर घ्यायची घाई नको. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत काही दुकानं बंद असतात, ती वेळ टाळून जा.