लातुरातला लाकडी घाणा : करडीचं तेल ३२० रुपये किलो, परवडतंय का?

आधी रेट सांगतो म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे ते मोकळे. करडी ३२०, शेंगदाणा २९०, जवस मागितलं तरच काढून देतात. हे किलोचे रेट आहेत बरं का, लिटरचे नाही. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि किराणातल्या पाकिटाशी तुलना करताना आपण हमखास इथंच चुकतो.

घाणा अंबाजोगाई रोडच्या आतल्या बाजूला आहे, पत्र्याचं शेड, बाहेर एक बाकडं. मोटरवर फिरतो, बैल-बिल काही नाही, रील बघून जाणार असाल तर नाराज व्हाल. एक घाणी निघायला तास-दीड तास जातो, नंबर असला तर त्याच्यावर, त्यामुळं गाडी बंद न करता 'पटकन द्या' म्हणणाऱ्यांनी जाऊच नये.

पहिल्या खेपेला रेट ऐकून मी तोंडावरच म्हणलं, मामा, समोरच्या किराणात सोयाबीनचं पाकीट याच्या निम्म्यात येतंय की ओ. घाण्यावाले मामा चिडले नाहीत. म्हणले बसा, हिशोब करू, आणि खरंच पत्र्यावर खडूनं मांडला. किलोभर तेलाला चार किलोच्या आसपास करडी लागते. करडीचा हमीभाव २०२५-२६ च्या रब्बी हंगामाला क्विंटलला ५,९४० होता, २०२६-२७ ला ६,५४० केलाय, म्हणजे किलोला ६५ रुपये धरा, चार किलोचे २६० इथंच गेले. तीन किलो पेंड उरते, ती म्हशीवाले नेतात, तिचे ऐंशी-नव्वद परत येतात. राहिलेल्या दीडशेत लाईट, माणूस, भाडं, माती-खड्याची घट, कॅन, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वर्षभराचा माल मार्च-एप्रिलमध्येच रोख देऊन भरून ठेवायचा, त्याच्यात अडकलेला पैसा. मोठ्या मिलवाल्याचं वेगळं, तो दाबून काढतो आणि पेंडीत राहिलेलं तेल सॉल्व्हंटनं, म्हणजे रसायनात विरघळवून, परत काढतो, घाण्यावाल्याचं ते तेल पेंडीबरोबर म्हशीच्या पोटात जातं.

आता करडीच एवढी महाग का? कारण ती राहिलीच किती. आमच्या लहानपणी ज्वारीच्या पाट्यात करडीच्या चार ओळी असायच्याच, परभणीच्या विद्यापीठानं वाण पण चांगले काढले, पण काट्यापायी मजूर हात लावत नाही आणि रब्बीत सगळा हरभरा झाला. मामा मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, घेत नाहीत, औशाकडच्या चार-पाच शेतकऱ्यांकडून घरनं उचलतात, अडत वाचते आणि जुना माल मिसळलेला येत नाही. पण त्या चार-पाच जणांनी एका वर्षी पेरलं नाही तर यांच्याकडं दुसरा रस्ता नाही.

पाकीट स्वस्त का, ते पण बघा. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. जहाजं भरून येतं म्हणून स्वस्त, आणि तिकडं काही झालं की इथं पोहे महाग. २०२२ ला फेब्रुवारीत युद्ध लागलं आणि एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामची निर्यात बंद केली, ते दिवस आठवा, किराणावाला रोज नवा रेट सांगायचा. त्या टायमाला करडी वाढली नव्हती असं नाही, पाकीट वाढलं की घाण्याकडं गर्दी होतेच आणि मामांनी पण वाढवले होते. पण पाकिटासारखं रोज नाही.

आणि सोयाबीनची तर गंमतच आहे. सप्टेंबर २०२४ ला सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केली, सगळे म्हणले आता सोयाबीनला भाव येणार. पाकीट वाढलं. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन मात्र ४,८९२ च्या हमीभावाखालीच रडत राहिलं. कारण सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळी पेंड, आणि भाव पेंडीवर ठरतो. पेंडीला गिऱ्हाईक नाही, त्यात इथेनॉलच्या कारखान्यातून निघणारं स्वस्त खाद्य कोंबडीवाल्यांना मिळायला लागलं. म्हणजे शेतकरी म्हणून आपण स्वस्तात विकलं आणि गिऱ्हाईक म्हणून महागात घेतलं, एकाच गावात, एकाच महिन्यात. मे २०२५ च्या शेवटी ड्युटी खाली आणली, पण तोवर आमचं सोयाबीन विकून झालं होतं.

हां, आता तक्रार, जिच्यामुळं दुकानाचं नाव लिहीत नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात 'गावरान शेंगदाणा तेल'. दुसऱ्या खेपेला मी आत डोकावलो तर शेंगदाण्याच्या पोत्यांवर सगळे गुजराती छापे. विचारलं. पोरगा गडबडला, मामा सरळ म्हणले, उन्हाळी भुईमूग इथं कोण करतंय आता, पाणी कुठंय, सौराष्ट्रातून माल येतो आणि त्या मालाला तेल पण चांगलं पडतं. मला त्याचं काहीच वाईट नाही वाटलं, सौराष्ट्राचा दाणा काही कमी नाही. पण मग गावरान म्हणून का लिहायचं? गाडीभाडं आणि तिकडच्या व्यापाऱ्याचा नफा देऊन आणलेल्या मालाला मी गावरान समजून दहा-वीस रुपये जास्त देतोय ना. करडीचा हिशोब पत्र्यावर मांडणारा माणूस शेंगदाण्याला गप्प बसतो, हे पटलं नाही. म्हणून माझं मत असं, करडी डोळे झाकून घ्या, शेंगदाणा घ्यायचाच तर मोंढ्यातून दाणे आपणच आणून द्या, पिळणावळ घेऊन काढून देतात आणि पेंड तुमची तुम्हाला.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. तेल ताजं असलं तर लगेच बाटलीत भरू नका, दोन दिवस स्टीलच्या डब्यात ठेवा, खाली गाळ बसतो, मी पहिल्या वेळेस तसंच वापरलं आणि कढई काळी झाली म्हणून बायकोचं ऐकून घेतलं. त्यांचा प्लास्टिकचा कॅन घेतला तर वीस रुपये वेगळे, आपला डबा न्या, रिकाम्या डब्याचं वजन आधी करायला लावा. गुरुवारी बंद.

आमच्या घरी आता असं आहे, पुऱ्या-भजी पाकिटात, भाजी-वरण करडीत. आणि जवसाच्या चटणीवर कच्ची करडी, ज्वारीची गरम भाकरी. महिन्याला दोन किलो पुरते. आई म्हणते तिच्या माहेरी शेतातली करडी घाण्यावर द्यायचे तेव्हा पिळणावळीत पेंडच ठेवून घ्यायचे, पैसे मागायचेच नाहीत. मामांना विचारलं तसं काही करता का, तर हसले नुसते.