गो-वेन्ट-गॉन: घोकायचं की कुळी लावून शिकायचं?

आर्वीकडच्या एका पोरीनं विचारलं, "काकाजी, व्हर्बचे तीन फॉर्म घोकू का समजून घिऊ? दहावी हाये अवंदा." दोन्ही रीती ताडून पाहू: एक घोकणं, दुसरी कुळी लावणं, म्हणजे सारखी बदलणारी क्रियापदं एका गटात बसवून, त्यांचं मूळ समजून शिकणं.

वेळ पाहिला तर घोकंपट्टी पुढे. रोज थोडी थोडी क्रियापदं पाठ केली की पेपरापुरतं भागतं. कुळी लावायला आधी वेळ जातो, पण सिंग-सँग-संग जमलं की रिंग, ड्रिंक आपसूक मागे येतात. ब्रिंग तेवढं दगा देतं: त्याचं ब्रॉट.

टिकण्यात मात्र घोकंपट्टी मार खाते. पेपर संपला की अर्धं गुल! आता 'गो'च घ्या. 'वेन्ट' मुळात त्याचं नाहीच, ते 'वेन्ड' या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. जुन्या इंग्रजीत 'गो'साठी 'एओदे' होतं. १५ व्या शतकापर्यंत वेन्टनं ती जागा बळकावली. आपल्याकडे तरी काय वेगळं? 'जातो' संस्कृत 'या' धातूचं, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'वरून. हे कळलेलं पोट्टं 'गोएड' लिहीत नाही. 'बी'चं तर विचारूच नका: अ‍ॅम, वॉज, बी ही तीन मुळांची खिचडी.

कट, पुट, हिट बदलतच नाहीत. तिथं कुळी शोधत बसू नये.

खर्च सारखाच, वही-पेन. कुळीला समजावणारं कोणी लागतं एवढंच.

पेपर महिन्यावर असेल तर घोका. आठवी-नववीत असाल, किंवा पुढं इंग्रजी बोलायचं असेल, तर कुळी लावा. गो आणि बी मात्र दोघांनीही समजूनच घ्यावेत.