गर्भपिशवीचं अस्तर वाढलंय? इथे आधी समजावून सांगतात

साताऱ्यातल्या आमच्या या स्त्रीरोग दवाखान्याला मी पूर्ण गुण देते, ते डॉक्टरबाईंनी दिलेल्या वेळेसाठी.

माझं वय 47. पाळी दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की गाठी पडून थांबायचं नाव घ्यायची नाही. सोनोग्राफीत अस्तर 18 मिमी निघालं. आधी दुसरीकडे दाखवलं, तर रिपोर्ट चाळत "मुलं झालीत ना, पिशवी काढून टाकू" म्हणाले. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये वाचलेलं होतं. मी उठून आले.

इथे बाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे पिशवीचं चित्र काढलं. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि ते वाढीला आवर घालतं. चाळिशीनंतर दर महिन्याला बीज सुटेलच असं नाही, मग अस्तर साठत जातं. वजन जास्त असेल तर चरबीतूनही इस्ट्रोजेन बनतं. पाळी चालू असताना अस्तराची जाडी महिनाभर कमी-जास्त होतच असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही. पाळी कायमची गेल्यावर मात्र एक डाग दिसला तरी लगेच दाखवायचं.

तपासणीसाठी अस्तराचा तुकडा बारीक नळीने ओपीडीतच घेतला. कळ चांगलीच आली, पण सिस्टरांनी हात सोडला नाही. रिपोर्टमध्ये अस्तर वाढलेलं, पण पेशी बिघडलेल्या नव्हत्या. अशा वेळी 20 वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी असतं. पेशी बिघडलेल्या असत्या तर पिशवी काढायचाच सल्ला दिला असता, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. मला मिरेना बसवली, म्हणजे तांबीसारखं पिशवीत बसवायचं छोटं साधन. ती पिशवीतच थोडं थोडं हार्मोन सोडते. पहिले काही महिने मधूनच डाग लागत होते, त्याची कल्पना आधीच दिली होती. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा तुकडा तपासला, दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले.

तक्रार एकच. अपॉइंटमेंट असूनही खूप ताटकळावं लागतं, आणि दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अंगावरून जात असताना तो जिना जीव काढतो. सोमवारी तर जाऊच नका. जुने रिपोर्ट आणि पाळीच्या तारखा लिहून न्या. बाई आधी तेच विचारतात.